सदतिसावा ठिपका

१

आता चाळणीचं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण ते ऐकून लोक हसतात. नवीन हॉटेल बांधून झालं, रंग वाळला, पडदे लागले, की पहिला पाहुणा यायच्या आधी चाळणी तिथे तीन दिवस राहते आणि खोट काढते. पगार घेऊन. नळ डावीकडे गळतो, कपाटाचं दार शेवटच्या बोटभर अंतरात अडतं, उशी माणसापेक्षा हट्टी आहे, असं सगळं. जिथे दोष दिसेल तिथे नखाएवढा निळा ठिपका चिकटवायचा आणि फोनवरच्या यादीत नंबर टाकून लिहायचं. ऑफिसात तिला चाळणी म्हणतात ते त्यामुळेच. आईच्या मते हा गुण जन्मजात आहे. पाळण्यात होती तेव्हाही म्हणे ती पाळण्याला नावं ठेवायची.

तर हे हॉटेल जुन्या शहराच्या अगदी पोटात होतं. गाडी चौकापर्यंतच, पुढे दगडी फरशीच्या गल्ल्या. बॅगेची चाकं अशी खडखडत गेली की अख्ख्या गल्लीला कळलं, कोणीतरी आलं. बाहेरून इमारत शेकडो वर्षं जुनी, दगड काळेभोर. आतून मात्र डिझायनर बाईंनी ती अशी काही धुऊन काढली होती की डोळे दिपावेत. पांढऱ्या भिंती, पांढरे पडदे, खोल्यांना नंबर नाहीत, कपाटांना मुठी नाहीत. दिव्याचं बटण शोधायला वीस मिनिटं लागली. ते भिंतीत नव्हतंच, पलंगाच्या पायाला होतं. आणि बाथटब न्हाणीघरात नाही, खोलीच्या मधोमध, पलंगाच्या पायथ्याशी. बाईंना भिंती आवडत नव्हत्या म्हणे.

बरोबर छोटी होती. चाळणीची बहीण, सात वर्षांनी लहान. कंपनीचा नियमच होता की एका खोलीत दोन माणसं राहून बघायची, एकट्याला खोली खरं दाखवत नाही. एरवी ऑफिसातलं कोणीतरी यायचं, पण या वेळी आईनंच गळ घातली. सोमवारी छोटीची मुलाखत होती. मोठ्या संग्रहालयात, लोकांना फिरवून माहिती सांगायची नोकरी. लेखी परीक्षेत ती पहिली आली होती. आता राहिलं होतं नुसतं बोलणं, आणि घोडं अडत होतं ते तिथेच. छोटी लहानपणापासून अडखळायची. घरात पाहुणेरावळे, शेजारीपाजारी, कोणी ना कोणी सल्ला द्यायला टपलेलं. तिथे शांतपणे सराव होईल, घेऊन जा तिला, असं आईचं म्हणणं.

छोटीनं दारात उभं राहून चारी बाजूंना बघितलं. मुलाखतीसाठी घेतलेले नवे बूट तिनं आजच घातले होते आणि दगडी गल्लीनं डाव्या टाचेचं सालटं काढलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "ही खोली आहे की द... द... दातांचा दवाखाना?"

तिच्या टाचेला पट्टी लावून होतेय तोवर मुकादम आला. डागडुजीच्या माणसांचा प्रमुख. पन्नाशीचा, राखाडी सदरा, पायात जाड लोकरी सपाता. तिथे सगळ्यांनाच त्या सपाता होत्या, फरशीवर ओरखडे नकोत म्हणून. त्यामुळे माणूस आला ते तो बोलल्यावरच कळायचं. त्यानं अगदी अदबीनं नियम सांगितले. ठिपका लावायचा, यादीत लिहायचं, आणि सकाळी दोघी नाश्त्याला खाली गेल्या की त्याची माणसं काम करून जातील. चाळणीनं सवयीनं विचारलं, की दुरुस्तीला वेळ लागला तर?

"आम्ही दुरुस्त करत नाही, मॅडम," मुकादम म्हणाला. "बदलतो."

२

दुपारपासून चाळणी कामाला लागली. गुडघ्यांवर बसून फरशीच्या सांध्यांतून नख फिरवायचं, प्रत्येक दार दहा वेळा उघडायचं, बंद करायचं. छोटीनं उश्या गोळा केल्या आणि कोरड्या बाथटबमध्ये जाऊन बसली. खोलीत बसायला तीच एक बरी जागा आहे, असं तिचं मत पडलं. तिथून तिचा सराव सुरू झाला. पहिलंच वाक्य, "माझं नाव अमुक आणि मी तुमचं स्वागत करते." म... म... म... असं चालायचं, मग एक मोठा श्वास, मग पुन्हा.

चाळणीला कपाच्या कडेवर टवका सापडला. बारावा ठिपका. हातानं घडवलेले कप होते ते, प्रत्येक निराळा. या कपाच्या कानाजवळ झिलईचा एक तपकिरी ओघळ होता, मुंगी चढत असावी तसा. चाळणीला तो फार आवडला. दोष काढणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट आवडली की ती लक्षात राहते, कारण असं कमी वेळा होतं.

चारच्या सुमाराला चहा मागवायचा होता. छोटी म्हणाली, मी सांगते, सराव होईल. तिनं खाली रिसेप्शनवरच्या बाईला फोन लावला आणि "बिनसाखरेचा" या शब्दाच्या उंबऱ्यावरच अडकली. ब... ब... ब... पलीकडून हॅलो, हॅलो झालं आणि फोन कट. चाळणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत तिसरं कोणी नव्हतं, तरी तापल्या. छोटीला त्याचं काही नव्हतं. ती हसली आणि तिनं पुन्हा फोन लावला. दुसऱ्या वेळी जमलं.

पण तिनं ताईचं तोंड बघितलं होतं. बाथटबच्या कडेवर हनुवटी टेकवून म्हणाली, "म... मला पण लाव की एक ठिपका."

आता हे म्हणजे थट्टेवारी न्यायचं बोलणं. चाळणीनंही थट्टेनंच ठिपका सोलला आणि तिच्या हनुवटीवर चिकटवला. आणि ठिपका लावला की यादीत लिहायचं, हे तिच्या हाडीमांसी इतकं मुरलेलं की फोनही उघडला. छत्तीस नोंदी झाल्या होत्या. पुढची तिनं लिहिली आणि सरकारी आवाजात वाचून दाखवली. "सदतीस. बहीण. बोलताना अडखळते." छोटी इतकी हसली की उशीसकट बाथटबमध्ये घसरली.

दोघीही हसल्या, हे खरंच. पण लिहिताना चाळणीचं बोट एकदाही थबकलं नव्हतं, हेही खरं.

३

सकाळी नाश्ता खालच्या चौकात होता. तासाभरानं वर आल्या, तर खोली चकाचक. सगळे ठिपके गेलेले. कपाटाचं दार लोण्यासारखं बंद होत होतं. नळ गळत नव्हता. चाळणीनं आयुष्यात डझनावारी दुरुस्त्या बघितल्या होत्या, आणि चांगल्यातली चांगली दुरुस्तीसुद्धा नखाला लागते. इथे नखाला काही लागेना. बदललंय असंही वाटेना. जणू आधीपासून असंच होतं आणि कालचा दिवस आपणच खोटा जगलो.

मग तिनं कप उचलला. कड गुळगुळीत, टवका नाही. म्हणजे कप नवा. पण कानाजवळ तो तपकिरी ओघळ होता. तीच मुंगी, तेवढ्याच उंचीवर.

तिनं कप खिडकीपाशी नेऊन फिरवून बघितला. कुंभारानं जोड बनवली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. झिलईची एकच धार दोन कपांवर पडली असेल. पडते तशी. आणि काल आपण एवढ्या बारकाईनं बघितलं होतं का? होतं. ती तो कप ठेवायची आणि पुन्हा उचलायची.

यादी उघडली. छत्तीसपर्यंत सगळ्यांपुढे "झालं". सदतीसपुढे "चालू".

ही नोंद खोडायची राहूनच गेली होती. चाळणी खजील झाली. ही यादी कंपनीत चार लोक बघतात. तिनं नोंद पुसायला घेतली तर पाटी आली, काम सुरू झालेली नोंद काढता येत नाही. मुकादम दिसतो तसा सुतकी नाही तर, त्यालाही विनोद कळतो, असं म्हणत तिनं फोन छोटीपुढे धरला.

छोटी केस पुसत होती. "ब... बघ, नवी ब... बहीण येणार तुला," ती म्हणाली. "जुनी भ... भंगारात."

चाळणी हसली. पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली, आणि तिला वाटलं ते कंपनीतल्या चार लोकांमुळे.

४

बारा वाजता चाळणी वरचा मजला बघायला गेली. तिथल्या जिन्याचा कठडा हलतो अशी तक्रार होती. छोटी खोलीतच थांबली. तिला आता ते पहिलं वाक्य आरशासमोर म्हणायचं होतं. दार ओढून घेताना चाळणीला आतून म... म... ऐकू आलं. हे पक्कं. हे तिनं नंतर शंभर वेळा आठवून बघितलं.

कठड्याला पाऊण तास लागला. परत आली तर खोलीच्या दाराबाहेर तिला बोलणं ऐकू आलं. एकसारखं, झुळझुळ, मध्ये खाचखळगा नाही. तिला वाटलं छोटीनं फोनवर काहीतरी ऐकायला लावलंय. पण आवाज ओळखीचा होता. आपलाच आवाज कोणी ध्वनिमुद्रित करून ऐकवला की ओळखीचा आणि परका एकदमच वाटतो ना, तसा.

दार उघडलं. छोटी खिडकीत पाठमोरी उभी राहून आईशी बोलत होती. कालच्या प्रवासापासून आजच्या नाश्त्यापर्यंत, बाथटब, बटण, बूट, सगळं. "बिनसाखरेचा" हा शब्दसुद्धा त्यात येऊन गेला, वाऱ्यासारखा. ताईला बघून तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे आई रडत होती. आनंदानं. सोळा वर्षं वैद्य झाले, डॉक्टर झाले, तोंडात गोट्या धरायला लावणारे झाले, आणि आज माझी पोर बोलतेय, असं हुंदके देत सांगत होती. तू काय केलंस गं तिला, असं तिनं चाळणीला विचारलं.

कठडा बघायला गेले होते, एवढंच चाळणी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं छोटीचे खांदे धरले आणि काय झालं म्हणून विचारलं. छोटीनं सांगितलं. सहा महिने ती गुपचूप एका बाईंकडे शिकायला जात होती. श्वासाचे व्यायाम, जिभेचे व्यायाम. होतं असं कधीकधी, बाई म्हणाल्याच होत्या, की एक दिवस गाठ अचानक सुटेल. पटण्यासारखं होतं. अगदी पटण्यासारखं. चाळणीनं तिला मिठी मारली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या खांद्यावरून तिला आत येताना पलंगावर टाकलेला आपला फोन दिसला.

सदतीस. झालं. वेळ बारा वीस.

५

आपल्याला बहिणीचं भलं बघवत नाही की काय, असा प्रश्न चाळणीनं त्या दुपारी स्वतःला किती वेळा विचारला, गणती नाही. समोर पोरगी बोलतेय, हसतेय, सोमवारची नोकरी आता तिच्या खिशात आहे. आणि आपण काय करतोय? कपाच्या ओघळावरून स्वर्ग गाठतोय. मुकादमानं थट्टेला थट्टेनं उत्तर दिलं आणि नोंदीपुढे खूण केली. योगायोग. जगात सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट.

तरी तिनं परीक्षा घेतलीच. गप्पांच्या ओघात, अगदी सहज. लहानपणी माळ्यावर लपून काय खाल्लं होतं, शेजारच्या काकूंच्या कुत्र्याला आपण काय नाव ठेवलं होतं, बाबा गेले त्या दिवशी कोणी कुठला दरवाजा लावून घेतला होता. सगळी उत्तरं बरोबर. मग चूक काय, तर चाळणीला जरा वेळानं लक्षात आलं. छोटी आठवायला थांबतच नव्हती. अडखळणारे अडखळतात ते एक, पण साधं माणूससुद्धा आठवताना क्षणभर छताकडे बघतं, "थांब हं" म्हणतं. हिची उत्तरं प्रश्न संपतो न संपतो तोच यायची, कागदात गुंडाळून ठेवल्यासारखी.

चाळणी म्हणाली, बस की तुझ्या बाथटबमध्ये, उश्या देते.

"बाथटब बसायला नसतो, ताई," छोटी म्हणाली. प्रेमानंच म्हणाली. आणि खुर्चीत बसली, आणि बसून राहिली. पाय हलवणं नाही, केसांशी चाळा नाही. चौकातलं घड्याळ पाचचे ठोके देऊन थांबलं, तरी तिची पापणी लवायची तेवढीच हालचाल. चाळणी बोलली की ती बोलायची. चाळणी थांबली की खोलीत दोन खुर्च्या आहेत असं वाटायचं, एक रिकामी आणि एक भरलेली, पण दोन खुर्च्याच.

संध्याकाळी बाहेर पडायचं म्हणून छोटीनं नवे बूट घेतले. अनवाणी पाय चाळणीच्या समोरच होता. डावी टाच. पट्टी नव्हती. पट्टी पडली असेल, पडतेच. पण टाच गुळगुळीत होती. सकाळी पट्टी बदलताना तिथे सालटं गेलेली लालभडक जखम होती, चाळणीनं स्वतः फुंकर घातली होती.

चाळणी वाकली, आणि तिच्याही नकळत तिचं नख त्या टाचेवरून फिरलं. जसं ती फरशीच्या सांध्यावरून फिरवते. नखाला काही लागलं नाही.

"गुदगुल्या होतात," छोटी म्हणाली. हसली नाही. नुसतं सांगितलं.

६

रविवारी सकाळी छोटी आवरत होती तेवढ्यात चाळणी एकटीच खाली उतरली. मुकादम मागच्या अंगणात उभा होता, हात मागे बांधून. तिनं अगदी कामाचं बोलल्यासारखं विचारलं, की बदललेल्या जुन्या वस्तू जातात कुठे. मुकादमाला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. इथेच, म्हणाला. पाहुण्यांना कधीकधी जुनंच हवं असतं, म्हणून तीन दिवस ठेवतो. आज अकराला गाडी आली की मग गेलं. कुठे जातं ते त्यानं सांगितलं नाही, आणि चाळणीची जीभ रेटली नाही.

अंगणाच्या टोकाला कोठी होती. दगडी, जुन्या इमारतीचाच तुकडा, डिझायनर बाईंचा हात न लागलेला. तिला दोन दारं, एक भक्कम लाकडी, उघडं. आत दुसरं, उभ्या पट्ट्यांचं, कुलूप लावलेलं. पट्ट्यांच्या फटींतून चाळणीनं बघितलं.

तिच्या वस्तू एका ओळीत मांडल्या होत्या. गळका नळ. कपाटाचं दार. हट्टी उशी. प्रत्येकीवर निळा ठिपका, तिच्या हातचा, जरासा डावीकडे कललेला. बारा नंबरला कप. टवका होता, आणि कानाजवळ मुंगी होती. ते बघून तिला एकदम बरं वाटलं, म्हणजे कप दोन होते, कुंभारानं जोड बनवली होती, म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे. ओळ पुढे अंधारात गेली होती. तिसाच्या पुढचं नीट दिसत नव्हतं. शेवटी राखाडी लोकरी कापड टाकलेलं काहीतरी होतं, खुर्चीच्या उंचीचं. खुर्ची आपण लिहिली होती का? तिनं मनात यादी म्हणून बघितली. खुर्ची नव्हती.

मग आवाज आला. बारीक, दबलेला, एकाच लयीत. म... म... म...

पाण्याचा पंप, चाळणीच्या डोक्यानं ताबडतोब सांगितलं. जुन्या इमारती, जुने नळ, हवा अडकली की नळ असेच करतात. तिनं स्वतः अशा नोंदी लिहिल्या होत्या. आवाज थांबला. एक मोठा श्वास ऐकू आला. पुन्हा सुरू झाला.

कापड फरशीपर्यंत पोचत नव्हतं. वीतभर कमी पडत होतं. खाली एक अनवाणी पाऊल होतं, टाच इकडे, आणि टाचेवर पट्टी.

"ते काय आहे?" तिनं विचारलं. कोण, असं विचारायचं होतं.

मुकादमानं वाकून बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. "सदतीस," तो म्हणाला.

चाळणीनं हाक मारली. छोटे, अशी, अर्ध्या आवाजात. कापडाखालचं पाऊल गप्पकन आत गेलं. आणि त्याच क्षणी वरच्या खिडकीतून स्वच्छ, मोकळा आवाज आला, ताई, कोणाशी बोलतेस गं, चहा निवतोय. तिनं वर बघितलं. छोटी खिडकीत उभी होती, उन्हात, कप हातात धरून. चाळणीनं पुन्हा खाली बघितलं तोवर मुकादमानं लाकडी दार ओढून घेतलं होतं. तिनं दारावर दोन्ही हात आपटले. दगडात बसवलेलं दार, हूं की चूं नाही.

मुकादम रागावला नाही. यादीत सोय आहे म्हणाला. नोंदीवर बोट दाबून धरलं की "मूळ वस्तू परत" असं येतं. अकराच्या आत करायचं.

"फक्त एक आहे, मॅडम," तो म्हणाला. "दोन्ही ठेवता येत नाहीत. जागा एकाचीच असते."

७

वर आली तेव्हा अकराला पंधरा मिनिटं होती. बॅगा भरून दारापाशी उभ्या होत्या. छोटीनं चहा ओतून ठेवला होता. चाळणी पलंगावर बसली आणि फोन मांडीवर ठेवला.

डोकं म्हणत होतं, नीट विचार कर. एका फटीतून, अंधारात, दोन क्षण बघितलंस. पट्टी लावलेल्या टाचा जगात हजार असतील. त्या माणसाला लोकांची टर उडवायची खोड असेल. समोर तुझी बहीण बसली आहे, धडधाकट, उद्या मुलाखतीला जाईल आणि नोकरी घेऊन येईल, आई सगळ्या गावाला सांगत सुटली असेल. आणि तू काय करणार आहेस? बोट दाबून म्हणणार आहेस, मला नको ही, मला अडखळणारी परत द्या?

आणि मग तिला ते आठवलं, की हे कोणी लिहिलं होतं. मुकादमानं नाही. त्यानं फक्त यादी वाचली होती. जगात कोणालाही छोटीत दोष दिसला असता तर चाललं असतं, पण तो नंबर टाकून, विरामचिन्हासकट, लिहून दिला होता तिनं.

तिनं बोट ठेवलं. दाबून धरलं. "मूळ वस्तू परत" अशी पाटी आली. तिनं हो म्हटलं. नोंदीपुढे शब्द उमटला. चालू.

मान वर केली तर छोटी फोनकडेच बघत होती. उलटी अक्षरं वाचता येतात एवढ्या अंतरावरून. पहिल्यांदाच तिनं लगेच काही म्हटलं नाही. कालपासून पहिल्यांदा ती थांबली होती. तिचे ओठ हलले, मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते चाळणीनं आयुष्यभर बघितलेलं होतं, कोणी शब्द मागितला आणि तो सापडला नाही की छोटीच्या चेहऱ्यावर यायचं तेच.

"त..." ती म्हणाली.

चाळणी बघत राहिली.

"त... त... त-ताई."

ते चुकीचं होतं. छोटी सगळ्या शब्दांवर अडली असेल, स्वतःच्या नावावर अडली असेल, पण "ताई" या शब्दावर ती जन्मात कधी अडली नव्हती. तो एक शब्द तिच्या तोंडून नेहमी धावत यायचा. समोरचीला ते ठाऊक नव्हतं. तिनं चाळणीच्या चेहऱ्यावर काय वाचलं कोण जाणे, तिनं श्वास घेतला आणि पुन्हा केलं. या वेळी जरा बरं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मान किंचित डावीकडे झुकली, गळ्याची शीर ताठ झाली, डोळे मिटले, आणि बाकी सगळं जमलं. शब्द तेवढा चुकीचा होता. तिनं उठून चाळणीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

दारावर टकटक झाली. बाहेर सपातांचा आवाज अर्थातच आला नव्हता.

"ताई," बाहेरून हाक आली. एकदम, धावत, कुठेही न अडता. "ताई, द... द... दार उघड."

चाळणी अर्धवट उठली. मनगटावरचे हात घट्ट झाले. ते गरम होते, आणि थरथरत होते, अगदी खऱ्या माणसाचे हात थरथरतात तसे. आणि ते धरून ती अजून प्रयत्न करत होती, त... त... त..., हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. दार चार पावलांवर होतं. पण हे हात सोडवायचे कसे, ते चाळणीला कळेना.